पक्या राखेत का बसला?

मांजर म्हणजे एकदम 'लो मेन्टेनन्स' प्रकरण, असं समजणाऱ्यांपैकी मीही एक होते. हसनाबादहून आलेल्या एका फोननं माझी विकेट काढली...

रात्रीचे पावणेअकरा. सकाळची डेडलाइन डोक्यावर, मांडीवर लॅपटॉप आणि बाजूला गार झालेली मॅगी. तेवढ्यात आईचा फोन.

'अगं, पक्या सकाळपासून राखेत जाऊन बसू राह्यला. बसतो, कण्हतो, उठतो, परत बसतो. काहीच होईना त्याला. पोट धरलं वाटतं. एरंडेल पाजू का?'

मागून अप्पांचा आवाज, 'झोपू दे तिला. मांजर हाय ते, म्हैस नाई.'

पक्या म्हणजे आमच्या घरचा बोका. आमचं घर जालना जिल्ह्यात, भोकरदन तालुक्यातल्या हसनाबादला. कापूस, मका आणि सोयाबीन, म्हणजे घरात पोती आणि पोत्यांमागे उंदीर. म्हणून मांजर. आमच्याकडे मांजर 'पाळत' नाहीत, ते असतं. पक्या मात्र आईच्या लाडामुळे पोस्टिंग सोडून थेट स्वयंपाकघरात शिफ्ट झालेला. आणि मी? पुण्यात राहणारी, मास कॉमचं सर्टिफिकेट भिंतीवर लावलेली, मांजरांचे व्हिडिओ रोज फॉरवर्ड करणारी 'कॅट पर्सन'. आईनं मलाच विचारलं यात तिची काय चूक?

मी एका हातानं टाइप करत म्हटलं, 'अगं, कॉन्स्टिपेशन असेल. थोडं दूध दे. सकाळी बघू.'

त्या एका वाक्यात तीन चुका होत्या. ते मला दुसऱ्या दिवशी साडेअकरा वाजता कळलं.

'नर आहे का?'

योगायोग बघा, ती डेडलाइन संपवून मी दुसऱ्याच कामाला लागले होते. शहरात मांजरं पाळणारे वाढलेत, त्यांच्या नेहमीच्या कटकटींवर एक हलकाफुलका पीस कर, असं संपादकांनी सांगितलेलं. म्हणून कोथरूडच्या एका क्लिनिकमध्ये बसले होते. समोर पशुवैद्यक मॅडम. ('नाव छापू नका हं, आधीच रात्री दोन-दोनला फोन येतात.') प्रश्नांची यादी तयार होती. सोफा का ओरबाडतात, रात्री का धावतात, केसांचे गोळे का ओकतात. आइस-ब्रेकर म्हणून मी सहज हसत पक्याचा किस्सा सांगितला.

मॅडमनी पेन खाली ठेवलं.

'नर आहे का?'

'हो, बोका आहे. तीन वर्षांचा.'

'शेवटची लघवी कधी झाली त्याला?'

'लघवी? नाही, त्याला तर दोन नंबरचा...'

'कोणी पाहिलंय का? शी अडकली हे कोणी ठरवलं?'

मीच ठरवलं होतं. मॅगी खाता खाता.

'इंटरव्ह्यू नंतर करू,' त्या म्हणाल्या. 'आधी बाहेर जा आणि आईला फोन लावा. हे बद्धकोष्ठ नसणार. लघवी तुंबली असेल तर तुमच्याकडे दिवस नाहीत, तास आहेत.'

आईचा फोन लागेना. ऑगस्ट महिना, कपाशीत खुरपणी चालू, आई शेतात आणि नेटवर्क आपल्या मर्जीचं मालक. अप्पांचा फोन घरात चार्जिंगला. शेवटी चुलतभावाला गाठलं. दादा घरी गेला, बघितलं आणि म्हणाला, 'निपचित पडलाय गं. तोंडातून लाळ येऊ राह्यली. पोटाला हात लावला तर चावायला उठला.'

तालुक्याच्या एका सरकारी पशुवैद्यकांचा नंबर दादाकडे होता. म्हशीच्या वेळी लागतो ना! त्यांनी फोनवरच सरळ सांगितलं, 'माझ्याकडं म्हशी-शेळ्यांचं सगळं आहे, पण बोक्याला लागते तेवढी बारीक नळी नाही. पोट दाबू नका, तोंडानं काही पाजू नका, थेट संभाजीनगरला न्या.' या माणसाचे आभार मानायचे राहून गेलेत, ते इथे मानते. 'मला जमणार नाही, तिकडे जा' हे वेळेवर सांगणं हासुद्धा एक उपचारच असतो.

मग दादानं छोटा हत्ती काढला. मोसंबीच्या एका क्रेटमध्ये आईच्या जुन्या लुगड्यावर पक्या, वर दुसरा क्रेट उलटा ठेवून सुतळीनं बांधलेला. फुलंब्रीमार्गे छत्रपती संभाजीनगर. मी पुण्यात क्लिनिकच्या जिन्यात बसून फोनवर. पलीकडून गाडीचा खडखडाट आणि मधूनच एक आवाज... तो आवाज मी विसरू शकत नाही. मांजर ओरडत असतं तोवर बरं असतं, हे त्या दिवशी शिकले. फुलंब्री सोडल्यावर तो आवाज थांबला.

नळीएवढी गोष्ट

त्याच दुपारी, हातातला फोन सोडवत नसताना, मॅडमनी मला प्रकरण काय आहे ते कागदावर काढून दाखवलं. मूत्राशयातून बाहेर येणारी नळी मांजरीत आखूड आणि रुंद असते, बोक्यात लांब आणि टोकाकडे अगदी निमुळती. त्यात खड्याचे बारीक कण, चिकट स्राव, सुजेमुळे सुटलेल्या पेशी असं काहीही येऊन बसलं की बूच लागतं. मूत्राशय फुगून दगडासारखं होतं, मूत्रपिंडं काम थांबवतात आणि रक्तातलं पोटॅशियम वाढत जातं. शेवटी हृदयाचा ठोका चुकतो. पूर्ण तुंबलं तर साधारण एक ते दोन दिवसांत मांजर जातं.

बाहेरून मात्र एवढंच दिसतं की मांजर सारखं ट्रेमध्ये (किंवा राखेत!) जातंय आणि जोर करतंय. बघणाऱ्याला शी अडकल्यासारखीच वाटते. मग एरंडेल, दूध, तूप, पोटाला मालिश. 'माझ्याकडे येणाऱ्या दहातले निम्मे लोक बद्धकोष्ठ म्हणूनच येतात,' मॅडम म्हणाल्या. ही काही पाहणी नव्हे, त्यांचा अनुभव. पण माझा स्वतःचा अनुभवही तोच होता, त्यामुळे वाद घालायला तोंड नव्हतं.

आणि दुधाचं काय? चित्रातलं मांजर बशीतून दूध पितं खरं, पण दूध सुटल्यानंतर बऱ्याच मोठ्या मांजरांना दुधातली साखर पचत नाही, जुलाब होतात. 'डोळे मिटून दूध पिणारी मांजर' ही म्हण आपण माणसांच्या लबाडीसाठी वापरतो. तिच्या पोटाचं पुढे काय होतं, ते कुणी विचारलंच नाही!

अडीच वाजता दादाचा फोन आला. पक्याला भूल देऊन नळी घातली होती. 'लाल पाणी निघालं गं, वाटीभर,' एवढंच तो म्हणाला. बैलाच्या शिंगाची जखम हातानं धुणारा आमचा दादा, त्याचा आवाज कापत होता.

पक्या तीन दिवस सलाइनवर होता. बूच निघालं म्हणजे संपलं असं नसतं. त्यानंतर लघवी इतकी होत राहते की शरीर कोरडं पडू शकतं, शिवाय नळी काढल्यावर पुन्हा तुंबण्याची भीती. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यानं स्वतःहून लघवी केली, तेव्हा तिथल्या कंपाउंडरनं मला फोटो पाठवला. ओल्या टॉवेलचा फोटो. आजवर मला आलेला सगळ्यात भारी व्हॉट्सअॅप फॉरवर्ड!

बिल झालं सात हजार दोनशे. अप्पांनी हिशोब त्यांच्या चलनात केला, 'एक क्विंटल कापूस मुतला बोक्यानं.'

घरात काही बदललंय का?

मला कारण हवं होतं. खरं सांगायचं तर मला आरोपी हवा होता, कारण मला संशय माझ्यावरच होता. दर वेळी गावी जाताना मी पक्यासाठी कॅट फूडचं मोठं पाकीट न्यायचे. माझा पुणेरी रुबाब! कोरडे दाणे, तेही त्याच्यासमोर दिवसभर उघडे. आधी उंदीर पकडणारा बोका वर्षभरात उशीसारखा गरगरीत झाला होता.

'एकाच गोष्टीवर खापर फोडू नका,' मॅडम म्हणाल्या. 'कोरडं खाऊन लाखो मांजरं नीट राहतात. पण मांजराला तहान कमी लागते, हे लक्षात घ्या.' मांजराचा पूर्वज म्हणजे आफ्रिका आणि पश्चिम आशियातलं रानमांजर, वाळवंटाच्या कडेनं राहणारं. शिकारीच्या शरीरातल्या पाण्यावर त्याचं बऱ्यापैकी भागतं. उंदरात पाणी भरपूर असतं, पाकिटातल्या दाण्यात जेमतेम. तेवढी कसर भरून काढायला मांजर स्वतःहून पाणी पीत नाही, किंवा कमी पितं. लघवी घट्ट होते. त्यात वजन वाढलेलं, हालचाल कमी... आणि मग मॅडमनी तो प्रश्न विचारला.

'गेल्या दोन-तीन महिन्यांत घरात काही बदललंय का?'

माझ्या डोळ्यांसमोर उभं राहिलं आमचं नवं घर. जूनमध्ये जुन्या घराचा ओटा पाडला, स्लॅब टाकला, फरशी बसवली. गवंडी, ड्रिल मशीन, अनोळखी माणसं, सिमेंटचा धुरळा. आणि ओट्यावरचा रांजण काढला. त्याच्या जागी फिल्टर आला. रांजण पाझरायचा, त्याच्या बुडाखाली परात ठेवलेली असायची आणि पक्या त्या परातीतलं पाणी प्यायचा. दुसरीकडचं कुठलंच नाही. हे मला माहीत होतं, आईला माहीत होतं. रांजण हलवताना मात्र कुणाच्या डोक्यात आलं नाही.

बऱ्याच मांजरांच्या लघवीच्या त्रासात खडाही सापडत नाही, जंतूही सापडत नाहीत. तरी मूत्राशय सुजतं, रक्त येतं, दुखतं. डॉक्टर त्याला 'इडियोपॅथिक' म्हणतात, म्हणजे सरळ मराठीत 'कारण नक्की माहीत नाही'. पण ताणाचा त्यात मोठा वाटा असतो, एवढं माहीत आहे. घर बदलणं, नवं बाळ, नवं मांजर, पाहुणे, बांधकाम. आपल्याला टेन्शन आलं की आपण स्टेटस टाकतो. मांजर गप्प बसतं आणि त्याचं मूत्राशय बोलतं.

गादीवरचा राग

याच मुद्द्यावर माझ्या फ्लॅटमेटची केस ऐका. तिची मांजर मोका, पांढरी, निळ्या डोळ्यांची, दिसायला हिरॉइन. अचानक रोज फ्लॅटमेटच्या गादीवर लघवी करायला लागली. फ्लॅटमेटचं निदान तयार होतं, 'ऑफिसला परत जायला लागले ना मी, बदला घेतेय.' लॉकडाऊनमध्ये आणलेल्या मांजरांबद्दल हे वाक्य मी किमान सहा जणांकडून ऐकलंय.

मॅडमचं म्हणणं, मांजर बदला घेत नाही. कुठे अडलंय ते तिच्या पद्धतीनं सांगतं. आधी लघवी तपासा, कारण 'वागणुकीचा प्रॉब्लेम' म्हणून येणारी बरीच प्रकरणं दुखण्याची निघतात. ट्रेमध्ये दुखलं की मांजर ट्रेला दोष देतं आणि मऊ जागा शोधतं. रिपोर्ट नॉर्मल आला तर मग ट्रेकडे बघा. मोकाचा रिपोर्ट नॉर्मल आला. ट्रे कुठे होता? वॉशिंग मशीनच्या शेजारी! स्पिन सायकल सुरू झाली की भूकंप. शिवाय झाकणवाला, लव्हेंडर वासाचा लिटर घातलेला, दोन दिवसांतून एकदा साफ होणारा. आपण जातो का हो असल्या टॉयलेटमध्ये?

ट्रे बाल्कनीजवळच्या शांत कोपऱ्यात गेला, झाकण उडालं, बिनवासाची बारीक माती आली, रोजची सफाई सुरू झाली. बारा दिवसांत गादी सुटली. नियम लक्षात ठेवायला सोपा आहे. जितकी मांजरं, त्यापेक्षा एक ट्रे जास्त, आणि सगळे एकाच ठिकाणी रांगेत नकोत. पाण्याचं भांडंही ट्रेपासून आणि शक्यतो खाण्यापासून लांब.

उभ्या भिंतीवर शेपूट थरथरवत मारलेली पिचकारी हा मात्र वेगळा मामला. ती लघवी नव्हे, ते व्हिजिटिंग कार्ड. 'हा एरिया आपला!' हे काम मुख्यत्वे नसबंदी न झालेल्या बोक्यांचं. नसबंदीनंतर बहुतेकांचं ते थांबतं किंवा खूप कमी होतं. फेब्रुवारी २०२५ मध्ये पुण्यात हडपसरच्या एका सोसायटीतल्या फ्लॅटमध्ये तीनशेहून जास्त मांजरं असल्याची बातमी देशभर गाजली. शेजाऱ्यांची मुख्य तक्रार वासाचीच होती. लोक त्यावर मीम बनवत होते. मला मात्र राहून राहून वाटत होतं, त्या तीनशेंपैकी कोण आज राखेत बसलंय हे तिथे कुणाला कळणार?

पुण्यात पाळीव मांजराची महापालिकेकडे नोंदणी करायची असते. हा निर्णय २०२२ मधला. त्यासाठी रेबीजची लस दिल्याचा पुरावा लागतो. तुमच्यापैकी किती जणांनी केलीय? मीही फ्लॅटमेटला तिसऱ्यांदा आठवण करून दिलीय.

सोफा, पडदे आणि पहाटेचे चार

हा भाग झटपट उरकते. ओरबाडणं बंद करता येत नाही, जागा बदलून देता येते. नखांवरची जुनी टरफलं काढायला, अंग ताणायला आणि पंज्याचा वास सोडायला मांजराला ते लागतंच. सोफ्याच्या शेजारीच सुतळी गुंडाळलेला एक भक्कम उभा ओंडका ठेवा, मांजर पूर्ण ताणून उभं राहील इतका उंच. डुगडुगणारा असेल तर ते बघणारही नाही. नखं काढून टाकणारं ऑपरेशन कुणी सुचवलं तर तिथून निघा. त्यात नख नाही, बोटाचं शेवटचं हाड कापतात. अनेक देशांत त्यावर बंदी आहे.

पहाटे चारला छातीवर नाचणं? मांजर संध्याकाळी आणि पहाटे शिकारीला निघणारा प्राणी आहे, त्याची शिफ्ट तीच. झोपण्याआधी पंधरा मिनिटं काठीला बांधलेल्या पिसामागे पळवा, मग जेवण द्या. आणि पहाटे उठून खायला देऊ नका. एकदा दिलंत की तो अलार्म तुम्हीच सेट केलात.

बाल्कनी मात्र गंभीर विषय. मांजर नेहमी पायावर पडतं आणि वाचतं, हा फंडा अर्धाच खरा. न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी १९८७ मध्ये उंच इमारतींवरून पडलेल्या १३२ मांजरांच्या केसेस छापल्या. त्यातली सुमारे नव्वद टक्के मांजरं उपचारांनंतर वाचली. पण त्यात दवाखान्यापर्यंत पोहोचलेलीच मांजरं मोजली होती, आणि छातीला मार, जबडा फुटणं, पाय मोडणं हे त्यात सर्रास होतं. कबुतरांसाठी आपण जाळी लावतोच की. मांजरासाठीही तीच, फक्त घट्ट बसवलेली.

घरातलं विष

मॅडमना सगळ्यात जास्त राग कशाचा येतो विचारलं. उत्तर होतं, 'औषधांच्या डब्याचा.' ताप वाटला म्हणून मांजराला पॅरासिटामॉल देणारे लोक. माणसासाठी साधी असलेली एक गोळी मांजराला मारू शकते. अनेक औषधं पचवून बाहेर टाकणारी यकृतातली एक यंत्रणा मांजरात फारच दुबळी असते. रक्ताची ऑक्सिजन वाहून नेण्याची ताकद जाते, हिरड्या तपकिरी-निळ्या पडतात. त्याच कारणानं फिनाइलनं फरशी पुसून लगेच मांजराला वर सोडू नका, ते पंजे चाटतंच. कुत्र्याच्या पिसवांचं औषध मांजराला लावू नका, त्यातलं परमेथ्रिन मांजराला झटके आणतं. बुकेमधली खरी लिली, तिचे परागसुद्धा, मांजराची मूत्रपिंडं संपवते. आपला निशिगंध या लिलींच्या घराण्यातला नाही, हे निशिगंधप्रेमी मंडळींच्या माहितीसाठी.

आणि कुत्र्याचं खाणं मांजराला नको, पोळी-दूधही रोजचं नको. टॉरिन नावाचा घटक मांजराला तयार अन्नातूनच मिळावा लागतो आणि तो मांस-मासळीत असतो. १९८७ मध्येच कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी दाखवून दिलं की टॉरिन कमी पडलं की मांजराचं हृदय फुगून निकामी होतं. तोवर त्या आजाराचं कारण कुणाला सापडत नव्हतं. त्यानंतर कॅट फूडमध्ये टॉरिन वाढवलं गेलं. शाकाहारी घरात मांजर आणताय? मग फ्रिजमध्ये त्याचा वेगळा डबा ठेवायची तयारी आधी घरच्यांची करा. आमच्या हसनाबादला हा प्रश्न नव्हता. तिथल्या मेन्यूत उंदीर होता.

मांजर दोन दिवस जेवलं नाही तर 'नखरे करतंय' म्हणून सोडू नका. विशेषतः गुबगुबीत मांजर. उपाशी राहिलं की अंगातली चरबी यकृतात साठून ते निकामी व्हायला लागतं. पिल्लांना तर लस चुकवूच नका. सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू करून सोळा आठवड्यांपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी. पॅनल्यूकोपेनिया नावाचा विषाणू दोन-तीन दिवसांत पिल्लांची पूर्ण वेतच्या वेत संपवतो. गावाकडे 'यंदा पिल्लं जगली नाहीत' म्हणतात, त्यातली किती या विषाणूची असतील!

मांजर काढा घरातून

पक्या घरी आला आणि आठवड्याभरात दुसरंच वादळ. दादाच्या बायकोला, म्हणजे वहिनीला, चौथा महिना. गल्लीतल्या एका काकूंनी आईला सांगितलं, 'पोटुशी बाई अन् घरात मांजर? केस पोटात जातात, बाळाला होतं काहीतरी. काढा घरातून.' दादा ज्याला घेऊन छोटा हत्ती हाकत गेला, त्याच बोक्याला आता पोत्यात घालून दूर सोडायची भाषा.

काकूंचं म्हणणं पूर्ण खोटं नाही, म्हणून ते जास्त अवघड. टॉक्सोप्लाझ्मा नावाचा परजीवी आहे, आणि गरोदरपणात पहिल्यांदा त्याची लागण झाली तर गर्भाला धोका असतो. पण तो केसांतून येत नाही. लागण झालेलं मांजर साधारण काही आठवडेच विष्ठेतून त्याची अंडी टाकतं आणि ती अंडी लागण करण्याजोगी व्हायला किमान एक दिवस जातो. म्हणजे मांजराची घाण दुसऱ्या कुणी रोजच्या रोज काढली, तर मांजर कुशीत घेऊन बसलेल्या वहिनीला फारशी भीती नाही. जास्त भीती कुठे? कच्च्या-अर्धकच्च्या मटणात, न धुतलेल्या भाजीत आणि मातीत. वहिनी रोज परसात मेथी-कोथिंबिरीचे वाफे हातानं खुरपत होती. तिकडे कुणाचं लक्षच नव्हतं!

मी हे सगळं फोनवर सांगितलं, आईनं ऐकलं, पण मुलीच्या बोलण्याला वजन किती? शेवटी वहिनीच्या डॉक्टरीणबाईंनी तेच सांगितलं तेव्हा पटलं. वाफ्यांचं काम दादाकडे गेलं, हातमोजे आले. पक्या राहिला.

चावणं-ओरखडणं मात्र गावात अजूनही कुणी मनावर घेत नाही. कुत्रा चावला तर इंजेक्शन, मांजर चावलं तर हळद. रेबीज मांजरामुळेही होतो. जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि थेट सरकारी दवाखाना गाठायचा. त्या दिवशी क्रेट बांधताना पक्या दादाच्या अंगठ्याला चावला होता. पक्याला लस दिलेली नव्हती, त्यामुळे दादानं संभाजीनगरलाच पहिलं इंजेक्शन घेतलं आणि मग सगळा कोर्स पूर्ण केला. आता पक्याला दर वर्षी लस.

राहता राहिली नसबंदी. संभाजीनगरच्या डॉक्टरांनी विषय काढला तसे अप्पा उखडले, 'त्याचा जन्म कशाला बरबाद करता?' मी काही बोलणार तेवढ्यात आई म्हणाली, 'गोऱ्हा खच्ची करताना ईचारलं व्हतं का त्याला?' अप्पा गप्प. जगातले सगळे पेट-केअर एक्स्पर्ट एकत्र आले असते तरी असा युक्तिवाद सुचला नसता. पोळा झाल्यावर पक्याचं ऑपरेशन झालं. बियाण्याच्या पोत्यांवरच्या पिचकाऱ्या महिनाभरात बंद झाल्या. अप्पांनी हे उघडपणे कबूल केलेलं नाही.

एक गोष्ट अजून खुपते. मुंबईत प्राण्यांसाठी परळचं पेटिट हॉस्पिटल एकोणिसाव्या शतकापासून आहे, २०२४ मध्ये महालक्ष्मीला टाटा ट्रस्ट्सचं मोठं हॉस्पिटलही सुरू झालं. मराठवाड्यात परभणी आणि उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, तिथून डॉक्टर तयार होऊन बाहेर पडतात. पण खेड्यातल्या दवाखान्याची गरज गाय-म्हैस-शेळीची, आणि ते योग्यही आहे, पोट त्यावर चालतं. बोक्याच्या बारीक नळीसाठी मात्र दीड तासाचा रस्ता. आमच्याकडे छोटा हत्ती होता, दादा होता आणि त्या दिवशी योगायोगानं मी त्या क्लिनिकमध्ये बसले होते. यातलं एक जरी नसतं तर?

दिवाळीला घरी गेले. मागच्या पडवीत रांजण परत आलाय, खाली परात. अप्पांनीच आणला म्हणे, बाजारातून, कुणी न सांगता. कोरडे दाणे आता पाण्यात भिजवून, मोजून मिळतात, आणि अधूनमधून उकडलेलं चिकन. पक्या बारीक झालाय. परातीकडे बघतही नाही, गोठ्यात जाऊन वासराच्या बादलीतलं पाणी पितो. अप्पा रोज सकाळी परात घासून भरतात.

रात्रीचा फोन अजून पावणेअकराच्या सुमारासच येतो. पूर्वी आई आधी विचारायची, 'जेवलीस का?' आता पहिलं वाक्य मागून अप्पांचं असतं.

'सांग तिला, दोनदा मुतला.'